कर्जबाजारी इंजिनिअरचा पूल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलं ते कर्जप्रस्तावांवरचे शेरे आणि ऑडिटरच्या शंकांना दिलेली उत्तरं. कविता मला येत नाहीत, आणि सोसायटीच्या आठवणी लिहायला माझ्यापेक्षा जुने सभासद आहेत. पण गेल्या सर्वसाधारण सभेतला एक विषय माझ्या डोक्यातून जात नव्हता. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी नेमलेल्या सल्लागार इंजिनिअरची फी.

सभेला हजर असलेल्यांना आठवत असेल. उपविधींप्रमाणे आपल्या वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी करावंच लागतं, त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो रकमेवर. माणूस दोनदा आला, भिंतींवर हातोडीने टकटक केलं, गच्चीचे आणि पार्किंगमधल्या खांबांचे फोटो काढले आणि एक अहवाल दिला. ना सिमेंटची गोणी आणली, ना गवंडी. मग एवढे पैसे कशाचे? खजिनदार म्हणून उत्तर द्यायला मी उभा राहिलो आणि दोन वाक्यांत खाली बसलो. खरं सांगायचं तर मला स्वतःला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रात्री जेवताना एकदम आठवलं की आपण एका सल्लागार इंजिनिअरचं काम डोळ्यांनी पाहून आलोय. त्यांचं नाव रॉबर्ट मायार. स्वित्झर्लंडचे. जाऊन ऐंशीच्या वर वर्षं झाली. जगभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत त्यांचं नाव घेतात, पण आपल्यासारख्यांच्या कानावर ते येत नाही. त्यांच्याविषयी लिहावं असं ठरवलं.

२०१८ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे झ्युरिकला गेलो होतो. बर्फ, केबल कार, चॉकलेटचं दुकान हे सगळं रीतसर झालं. एका शनिवारी जावई म्हणाले, चला, तुम्हाला एक पूल दाखवतो. पूल काय बघायचा, असं मनात आलं. पण जावयाला नाही कसं म्हणणार? झ्युरिकहून लांडक्वार्ट, तिथे गाडी बदलून दावोसकडे जाणारी छोटी लाल आगगाडी, आणि वाटेत शीर्स नावाचं गाव. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. घराघराशी रचून ठेवलेली लाकडं, कापलेल्या गवताचा वास, चर्चचा मनोरा आणि चहूकडे डोंगर. तिथून पोस्टाची छोटी बस वर शुडर्स या वाडीकडे जाते. रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर कोणीतरी मागे जायचं.

गंमत म्हणजे बस पुलावरून गेली तरी आम्हाला कळलं नाही. वरून तो नुसता रस्ताच आहे. बाहेर दोन कठडे, मध्ये एक गाडी जाईल एवढी जागा. उतरून पायवाटेने थोडं खाली गेलं की मग दिसतो. सौ. गुडघ्यांमुळे वरच थांबली, मी जावयाचा हात धरून उतरलो. खाली साल्जिना नावाचा ओढा खोल दरीत वाहतो. त्या दरीवर, ओढ्यापासून सुमारे ९० मीटर उंच, एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत ९० मीटरची एकच कमान. मध्ये एकही खांब नाही. कडेला बारीक, मग भरत गेलेली, पुन्हा माथ्याशी बारीक. काँक्रीटची वस्तू इतकी हलकी दिसू शकते हे मला माहीत नव्हतं.

बँकेतली सवय जात नाही. मी पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा. एवढ्याशा वाडीसाठी एवढा देखणा पूल कोणत्या सरकारने मंजूर केला? जावयांनी सांगितलेलं उत्तर ऐकून मी तिथल्या दगडावर बसलोच. १९२८ साली या पुलासाठी स्पर्धा झाली, १९ आराखडे आले, आणि मायार यांचा निवडला गेला कारण तो सगळ्यांत स्वस्त होता.

परत आल्यावर मिळेल ते वाचलं. वाचता वाचता हे चरित्र माझ्या खात्यात येतंय असं वाटायला लागलं.

मायार यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८७२ चा, बर्न शहरातला. वडील बेल्जियमहून आलेले, आणि पेशाने बँकर. ही नोंद वाचून मला उगाचच आपलेपणा वाटला. पण मुलगा दोन वर्षांचा असतानाच वडील गेले. पुढे १८९० ते १८९४ या काळात मायार झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य शिकले. तिथे व्हिल्हेल्म रिटर नावाचे प्राध्यापक होते. ते आकडेमोडीच्या आधी रेखाचित्र काढायला लावत. कोणता जोर कुठून कुठे जातो हे आधी कागदावर डोळ्यांना दिसलं पाहिजे, मग गणित. विद्यार्थी म्हणून मायार फार चमकले असं नाही. पण ही एक गोष्ट त्यांनी जन्मभर धरून ठेवली.

पाच-सात वर्षं इकडे तिकडे नोकऱ्या केल्या. त्यात काही काळ झ्युरिक महापालिकेचीही. मग एका कंत्राटदार कंपनीत असताना एंगाडिन खोऱ्यातल्या झुओत्स या गावी इन नदीवर पूल बांधायचं काम आलं. साल १९०१, मायार एकोणतीस वर्षांचे. त्या काळी काँक्रीट नवीन होतं आणि लोक काँक्रीटचा पूल दगडी पुलासारखाच बांधत. खाली जाडजूड कमान, तिच्यावर भिंती, भिंतींवर रस्ता. भिंती आणि रस्ता हे कमानीला नुसतं ओझं. मायार यांनी विचार केला की हे तिघंही काँक्रीटचेच आहेत, तर एकट्या कमानीने का राबावं? त्यांनी कमानीची पातळ लादी, बाजूच्या भिंती आणि वरचा रस्ता एकमेकांत बांधून टाकले. काड्यापेटीचं बाहेरचं खोकं हातात घेऊन पाहा. पुठ्ठा पातळ असतो, पण खोकं वाकत नाही. तसा हा पोकळ पूल झाला. अशा धाटणीचा काँक्रीटचा पहिलाच.

शिवाय त्याला तीन बिजागऱ्या ठेवल्या. दोन टोकांना दोन आणि माथ्यावर एक. काँक्रीट उन्हाने फुगतं, थंडीने आक्रसतं. आल्प्समध्ये तर उन्हाळा-हिवाळ्याचा फरक विचारू नका. बिजागरी असली की कमान माथ्याशी किंचित वर-खाली होते आणि तुटत नाही. नवीन माणसाच्या या नवीन कल्पनेवर गावाने विश्वास कसा ठेवला असेल? तर सरकारने सल्ला विचारला तो रिटर सरांना. त्यांनी आराखडा तपासला, मंजुरी दिली आणि पूल झाल्यावर त्यावर प्रत्यक्ष भार चढवून चाचणीही घेतली. पूल पास झाला.

आता पुढचा भाग मला या सगळ्या चरित्रात मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन वर्षांनी, १९०३ मध्ये, झुओत्सच्या पुलाला तडे गेले. कमानीला नाही, दोन्ही टोकांना, जिथे पूल काठाला टेकतो तिथे बाजूच्या भिंतींना. तोवर मायार यांनी नोकरी सोडून स्वतःची बांधकाम कंपनी काढली होती. म्हणजे जबाबदारी झटकायला उत्तम सबब होती. आपल्या सभेत गळतीचा विषय निघाला की बिल्डरपासून प्लंबरपर्यंत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, ते आपण पाहिलेलंच आहे. मायार गेले, तडे पाहिले आणि मोजले. काँक्रीट सुकताना आक्रसलं आणि त्या जागी ताण येऊन चिरलं, असं त्यांचं निदान झालं. पुलाला धोका नव्हता. दुरुस्ती सुचवून ते थांबले असते तर कोणी नावं ठेवली नसती.

पण तडे पाहताना त्यांच्या मनात आणखी एक प्रश्न आला असणार. भिंतीचा एवढा भाग चिरला आणि तरी पूल उभा आहे, म्हणजे पुलाला त्या भागाची गरजच नाही. मग तो घालायचा कशाला? १९०५ मध्ये ऱ्हाईनच्या वरच्या खोऱ्यात तवनासा या गावी ५१ मीटरचा पूल बांधताना त्यांनी टोकांकडच्या भिंतीचा तो तुकडा काढूनच टाकला. मोठा त्रिकोण कापल्यासारखी मोकळी जागा. साहित्य वाचलं, वजन कमी झालं, तड्याची जागाच उरली नाही. आणि पूल पाहाल तर असा की त्याआधी कोणी तसा आकार पाहिलेला नव्हता. स्वतःच्या कामातली चीर इतक्या थंड डोक्याने वाचणारा माणूस विरळा. तपासणी अहवालात आमच्या शाखेची चूक निघाली की आम्ही आधी तो परिच्छेद पाडून टाकता येतो का ते पाहायचो.

तवनासाचा पूल लोकांना मात्र फारसा आवडला नाही. पूल म्हणजे भरभक्कम दिसला पाहिजे, ही समजूत पक्की होती. ही धाटणी पुन्हा मोठ्या कामात वापरायला मायार यांना पाव शतक थांबावं लागलं.

दरम्यान धंदा उत्तम चालला होता. त्यांनी तुळया नसलेली स्लॅब काढली. खांब वर जाता जाता अळंबीसारखा फुलतो आणि छताला मिळतो, बीम लागतच नाही. १९१० मध्ये झ्युरिकच्या एका गोदामात ती पहिल्यांदा वापरली. अमेरिकेत टर्नर नावाच्या इंजिनिअरनेही त्याच सुमारास अशीच युक्ती काढली होती. दोघांच्या वाटा वेगळ्या. गोदामं, कारखाने, पूल अशी कामं येत गेली. झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये ते शिकवूही लागले. १९०१ मध्ये मारिया रोंकोनी या इटालियन मुलीशी लग्न झालं होतं, तीन मुलं झाली. मग रशियातून मोठी कामं आली, पीटर्सबर्ग, रिगा अशा ठिकाणची. मोठी कामं म्हणजे मोठं भांडवल, आणि मोठं भांडवल म्हणजे बँक. कंपनीने स्विस बँकांकडून कर्जं घेतली. माझ्या टेबलावर हा प्रस्ताव आला असता तर मीही मान्य केला असता. ऑर्डर बुक भरलेलं, तंत्र स्वतःचं, मालक कामसू.

१९१४ च्या उन्हाळ्यात ते बायकामुलांना घेऊन रिगाच्या बाजूला होते आणि महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद. जर्मन फौजा पुढे सरकल्या तसं कुटुंब आत खार्किवला गेलं. तिथेही त्यांनी कारखान्यांची प्रचंड कामं उभी केली. १९१६ मध्ये मारिया गेल्या. १९१७ मध्ये क्रांती झाली आणि कंपनीची सगळी मालमत्ता, येणी, रोखे, एकजात बुडाले. तीन मुलांना घेऊन मायार कसेबसे मायदेशी परतले तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं, खिशात काही नव्हतं आणि डोक्यावर बँकांचं कर्ज होतं.

इथे मला थोडं स्वतःविषयी सांगावं लागेल.

१९८० च्या दशकाच्या शेवटी मी तालुक्याच्या एका गावी शाखाधिकारी होतो. तिथे एक छोटे कंत्राटदार आमचे खातेदार होते. मोऱ्या, छोटे पूल, बंधारे अशी कामं घ्यायचे. डिप्लोमा होल्डर, काम स्वच्छ. एका पावसाळ्यात आलेल्या पुरात त्यांचं सेंटरिंगचं सगळं सामान आणि मिक्सर वाहून गेला. सरकारी बिलं अडकली, खातं थकलं. ते माझ्याकडे वाढीव कर्ज मागायला आले. सोबत ड्रॉइंगची गुंडाळी आणली होती. त्याच मोरीचा नवा आराखडा त्यांनी केला होता, कमी साहित्यात होईल असा. गुंडाळी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मी ती उघडली नाही. तारण काय देता, एवढंच विचारलं. तारण नव्हतं. प्रस्तावावर मी शेरा मारला आणि तो नियमाप्रमाणे बरोबर होता. आजही तो मारावा लागेल. पण गुंडाळी उघडून पाहायला कोणत्याच परिपत्रकाने मनाई केलेली नव्हती. पुढे त्यांनी धंदा बंद केला आणि गाव सोडलं. मायार परत आल्याचं वाचलं तेव्हा टेबलावरची ती गुंडाळी मला जशीच्या तशी दिसली. बांधलेली सुतळीसुद्धा.

मायार यांच्याकडे आता यंत्रं नव्हती, लाकूड नव्हतं, मजूर ठेवायला पैसा नव्हता. स्वतः बांधकाम करणारी कंपनी त्यांना पुन्हा कधीच काढता आली नाही. उरलं होतं ते डोकं. १९२० च्या सुमारास त्यांनी जिनिव्हात सल्लागार इंजिनिअर म्हणून कचेरी थाटली. पुढे बर्न आणि झ्युरिकलाही छोट्या शाखा झाल्या. म्हणजे आपल्या सभेच्या भाषेत, ना गोणी ना गवंडी. आराखडा करायचा, गणित करायचं, काम चालू असताना जाऊन पाहायचं आणि त्याची फी घ्यायची. बांधणार दुसरा.

नवल असं की त्यांची सगळी मोठी कामं यानंतरची आहेत. ज्या माणसाला स्वतःचा पैसा घालता येत नाही, त्याला दुसऱ्याचा पैसा वाचवूनच काम मिळवावं लागतं. डोंगरातल्या छोट्या गावांकडेही पैसा कमीच. दोघांची गाठ पडली. १९२५ मध्ये त्यांनी डोनात गावाजवळ वाल्चिएल ओढ्यावर ४३ मीटरचा पूल केला. त्यात कमान एक-सव्वा वीत जाडीची, आणि तिला सावरायचं काम वरच्या रस्त्याच्या कठड्यांसह केलेल्या ताठ लादीकडे. पातळ कमान म्हणजे खालच्या परांचीवर कमी भार, म्हणजे परांचीही हलकी. अशा पुलांत खरा पैसा काँक्रीटमध्ये जात नाही, तो त्या लाकडी परांचीत जातो. काम झाल्यावर ती काढूनच टाकायची असते. मायार यांनी आपलं डोकं तिथे लावलं.

२५ सप्टेंबर १९२७ रोजी अतिवृष्टीने डोंगराचा कडा सुटला आणि दगड-मातीच्या लोंढ्याने तवनासाचा पूल नेला. बावीस वर्षांपूर्वीचं आपलं सर्वांत धाडसाचं काम नाहीसं झालं. दुसऱ्याच वर्षी शीर्स ते शुडर्स रस्त्यासाठी साल्जिनाच्या दरीवरच्या पुलाची स्पर्धा निघाली. मायार यांनी फ्लोरियान प्राडर या कंत्राटदाराबरोबर आराखडा दिला आणि त्यात तवनासाची धाटणी पुन्हा आणली, या वेळी ९० मीटरच्या कमानीवर. हेही तीन बिजागऱ्यांचं, पोकळ खोक्याचं काम. बिजागरीपाशी वाकवणारा जोर नसतो, म्हणून तिथे कमान बारीक. दोन बिजागऱ्यांच्या मधल्या भागात तो सगळ्यांत जास्त, म्हणून तिथे ती भरलेली. मला दरीत उभं राहून जो आकार देखणा वाटला, तो असा हिशेबातून आलेला आहे. कुठेही शोभेसाठी काही घातलेलं नाही.

परांची उभारली ती रिखार्ड कोराय यांनी. ते त्याच प्रांतातले, या कामातले उस्ताद. तिचे फोटो पाहिले की छाती दडपते. दरीच्या तळातून आणि कड्यांवरून वर येत गेलेला लाकडांचा पंखाच. पण तीसुद्धा हिशेबाने हलकी ठेवली होती. तिने फक्त कमानीची खालची पातळ लादी पेलायची. ती लादी घट्ट झाली की भिंतींचा आणि रस्त्याचा भार तिच्यावरच घेत पुढचं काम करायचं. आधी बांधलेला भाग पुढच्या भागाला आधार देतो. दोन वर्षांत पूल झाला आणि ऑगस्ट १९३० मध्ये रस्ता खुला झाला.

तरी विद्वान मंडळींना शंका होतीच. मायार यांची गणितं फार सोपी असतात, एवढ्या सोप्या गणितावर एवढा पातळ पूल कसा चालेल, असा सूर प्राध्यापकांकडून निघे. यावर वाद घालण्याऐवजी त्यांनी पुलांच्या भारचाचण्या होऊ दिल्या. झ्युरिकच्या राष्ट्रीय साहित्य-चाचणी संस्थेचे मिर्को रोश यांनी त्यांच्या कितीतरी पुलांवर वजनं ठेवून मोजमापं घेतली, साल्जिनाच्या पुलावरही. आकडे मायार यांच्या बाजूने बोलले.

त्यानंतर दहा वर्षांत त्यांनी जी कामं केली ती सगळी सांगत बसलो तर संपादक कात्री लावतील. बर्नजवळच्या श्वांडबाखच्या ओढ्यावर १९३३ मध्ये केलेला वळणदार पूल मात्र सांगतोच. रस्ता वळतो म्हणून पूलही वळतो, आणि सरळ कमानीवर वाकडा रस्ता इतका सहज बसलाय की त्यात अवघड काही होतं हे कळू नये. १९३९ च्या झ्युरिकच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांनी सिमेंटचा मंडप उभारला. त्याच्या उंच कमानदार छताची जाडी ६ सेंटिमीटर. प्रदर्शन संपल्यावर तो चाचणीसाठी मुद्दाम मोडला. ५ एप्रिल १९४० रोजी जिनिव्हात मायार यांचं निधन झालं. वय अडुसष्ट. युरोपात पुन्हा युद्ध पेटलेलं होतं.

त्यांना उचलून धरलं ते इंजिनिअरांपेक्षा आधी वास्तुरचनेतल्या लोकांनी. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांच्या पुलांचं प्रदर्शन भरलं. पूल, आणि संग्रहालयात! अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने साल्जिनाच्या पुलाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो १९९१ मध्ये.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आपल्या कामाची आहे. हा एवढा थोर पूलही गळत होता. वरच्या रस्त्यातून पाणी मुरायचं, पावसाचं आणि बर्फाचं. सळईवरचं काँक्रीटचं आवरण काही ठिकाणी कमी पडलं होतं, सळ्या गंजत होत्या. आपल्या पार्किंगच्या छताला जे झालंय तेच. १९९७-९८ मध्ये त्या लोकांनी तो नीट तपासून घेतला आणि मोठी दुरुस्ती केली. पृष्ठभागाचं काँक्रीट दुरुस्त केलं, कठडे नव्याने बांधले, पाण्याचा बंदोबस्त केला. त्या सुमारास आपल्या 'ए' विंगच्या पायाचं खोदकाम चाललं होतं आणि आपण सगळे दर रविवारी येऊन खड्ड्यात डोकावून जात होतो.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून आम्ही तिघं पुलावरून चालत पलीकडे गेलो आणि परत आलो. सौ.ने मध्यावर थांबून खाली पाहिलं आणि लगेच माझा दंड धरला.

ऑडिटच्या फीचा ठराव पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे. त्याआधी एक विनंती. इंजिनिअरसाहेबांचा अहवाल सोसायटीच्या ऑफिसात खिडकीशेजारच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात आहे. बेचाळीस पानं आहेत, मागे नकाशे जोडलेत. मी परवा पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. 'सी' विंगच्या जिन्याखालच्या खांबाविषयी पान एकोणीसवर जे लिहिलंय ते प्रत्येकाने पाहावं. किल्ली सचिवांकडे असते, संध्याकाळी सहा ते आठ.